नेरूरकरांचं तरंगतं कुंपण

दुबईच्या उन्हात बसून समुद्रातला बर्फ अडवू पाहणारा माणूस मी जवळून पाहिलाय, असं सांगितलं की ऐकणारे आधी हसतात आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी करतात. त्यांना तरी काय दोष द्यायचा? रास अल खोरच्या आमच्या यार्डात उन्हाळ्यात लोखंडाला नुसता हात लागला तरी भाजायचं. नळाचं पाणी इतकं कढत यायचं की हात धुवायलासुद्धा ते आधी बादलीत काढून ठेवावं लागे. अशा ठिकाणी नेरूरकर नावाचे आमचे सीनियर इंजिनियर टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, रशियाच्या पार पूर्व टोकाच्या एका खाडीत शिरणाऱ्या बर्फाची काळजी करत बसलेले असायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी त्यांच्या हाताखाली ड्रॉइंग्ज करायचे. आमची कंपनी बूम बनवायची. बूम म्हणजे पाण्यावरचं तरंगतं कुंपण: वर फ्लोटांची रांग, खाली लोंबणारा पडदा. समुद्रात कुठे टँकरमधून तेल सांडलं की ते वाहत किनाऱ्याकडे येतं. ते पिण्याच्या पाण्याच्या प्लांटमध्ये किंवा एखाद्या खाडीत शिरू नये म्हणून तोंडाशी हे कुंपण लावायचं. आखातात हा धंदा बरा चालतो. बर्फाचा मात्र त्या यार्डाशी संबंध एवढाच, की दुपारी पाण्याच्या पिंपात टाकायला एक लादी यायची आणि तिच्यावरून भांडणं व्हायची.

नेरूरकर मालवणकडचे. उंची बेताची, डोक्यावर केस जवळजवळ नाहीत आणि ती सगळी कसर भुवयांनी भरून काढलेली. बायको कणकवलीला शाळेत शिक्षिका. "तिची नोकरी आणि माझा हट्ट, दोन्ही सुटत नाहीत," असं म्हणायचे. त्यामुळे ते इथे एकटेच, शारजात अल मजाजला आमच्याच बिल्डिंगमध्ये, एका केरळी अकाउंटंटबरोबर फ्लॅट शेअर करून राहायचे. संध्याकाळी लगूनच्या काठाने फेरी मारताना खिशातून संत्र्याची सालं काढून पाण्यात टाकायचे आणि ती कुठे जातात ते बघत उभे राहायचे. एकदा म्युनिसिपालिटीच्या माणसाने हटकलं तेव्हा त्यालाच कठड्याशी ओढून, वारा एकीकडे असताना साल दुसरीकडे का चाललंय ते समजावून सांगितलं. तो बिचारा दंड करायचं विसरून गेला.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे येत होती, पण लायसन्स मिळत नव्हतं. टेस्टला गेले की परीक्षकाशी वाद घालायचे.

"पेंडसेबाई, मी त्याला एवढंच विचारलं, की हे ब्रेकिंग डिस्टन्स तुम्ही सांगताय ते कोरड्या रस्त्याचं की वाळू पडलेल्या?"

"मग?"

"मग काय, दार उघडलं आणि उतरा म्हणाला."

म्हणून ते रोज माझ्या गाडीतून यायचे. मला लायसन्स चौथ्या फटक्यात मिळालेलं आणि शारजा-दुबईचा तो ट्रॅफिक, त्यामुळे शेजारी बसलेला माणूस शांत असेल तर बरं असं कुणालाही वाटेल. नेरूरकर शांत नसायचे. त्यांचा उजवा पाय सतत ब्रेक दाबत असायचा, त्यांच्या बाजूला ब्रेक नसताना.

त्यांचं एक वाक्य होतं. "बघून घेतलंय मी." कुठल्याही कामाचा शेवट या वाक्याने व्हायचा आणि ते त्यांच्या तोंडून आलं की यार्डात कुणी पुन्हा विचारायचं नाही. कारण खरोखरच त्यांनी बघून घेतलेलं असायचं. दुसऱ्यावर टाकलेलं काम म्हणजे अर्धं राहिलेलं काम, अशी त्यांची पक्की समजूत. वेल्डरने वेल्ड केलं की हे बोट फिरवून बघणार, पॅकिंगवाल्याने खिळा ठोकला की हे तो हलवून बघणार. आमच्याकडे चहाला आले तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन सिलेंडरचा रेग्युलेटर बघून यायचे. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. ती टीव्हीवरची नजर न काढता ओरडायची, "आई, अंकल इज चेकिंग अवर गॅस अगेन!" गणपतीला आमच्या मंडळींनी हॉल घेतला होता, तेव्हा आरतीच्या वेळी मखराचे दिवे लागेनात असं दिसलं. शोधाशोध केली तर हे मखराच्या मागे वायरी सोडवून बसलेले. "जोड बरोबर नव्हता. दोन मिनिटं," म्हणाले. आरती अर्ध्या तासाने झाली. बायका चिडल्या, पण त्या वर्षी दिवे एकदाही गेले नाहीत, हेही खरं.

मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही. काही माणसं असतातच अशी.

त्या काळात दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात रशियन गिऱ्हाइकांची झुंबड असायची. विमानं भरभरून माणसं यायची आणि टीव्ही, फ्रिज, जाकिटं घेऊन जायची. गेन्नादी अशाच एका विमानातून आला. दांडगा, लाल गालांचा, जाड मिशांचा माणूस. आपण टीव्ही घ्यायला आलेलो नाही, हे त्याने आल्याआल्या अभिमानाने सांगितलं. त्याच्या गावाजवळ समुद्राला तोंड असलेली एक उथळ खाडी होती आणि तिच्यात त्याची आणि गावातल्या काही कुटुंबांची शिंपल्यांची शेती होती. आपल्याकडे कालवं खातात तसेच, पण हाताच्या पंज्याएवढे शिंपले. पाण्यात तराफे बांधून, त्यांना दोर सोडून, दोरांना टोपल्या लटकवून वाढवायचे. एक शिंपला विकण्याजोगा व्हायला चार वर्षं लागतात. आणि थंडी सरताना वारा फिरला की बाहेरच्या समुद्रातला फुटलेला बर्फ वाहत खाडीच्या तोंडातून आत येतो आणि तराफे, दोर, टोपल्या सगळं खरवडून नेतो. हे त्याने आमच्या मॅनेजरच्या, फादीच्या, टेबलावर स्टेपलर, चहाचे कप आणि स्वतःचे दोन हात वापरून समजावलं, कारण इंग्रजी त्याचं तेवढंच होतं. कुठून तरी त्याला कळलं होतं की दुबईत पाण्यावरचं कुंपण स्वस्तात बनतं.

फादी लेबनीज होता, धंद्याला हुशार. तो नाही म्हणणारच होता. पण नेरूरकर कोपऱ्यात उभे राहून त्या स्टेपलरकडे बघत होते. "चार वर्षं?" त्यांनी विचारलं. गेन्नादीने चार बोटं वर केली. नेरूरकर फादीला म्हणाले, "वी विल डू इट." परवानगी वगैरे त्यांनी विचारली नाही.

गेन्नादीने एक व्हिडिओ कॅसेट आणली होती. नेरूरकरांनी उभ्या जन्मात बर्फ बघितला तो पिंपातला आणि मासळी बाजारातला. कॉन्फरन्स रूममध्ये त्यांनी ती कॅसेट लावली आणि मग दिवसभर लावतच राहिले. करडं पाणी, त्याच्यावर खोल्यांएवढे पांढरे तुकडे, एकमेकांना ढकलत, एकमेकांवर चढत हळूहळू सरकताहेत. घाई कसलीच नाही. दुपारच्या सुट्टीत सोनापूरच्या कामगार-कॅम्पातून येणारी आमची माणसं दारात गोळा झाली. बाहेर आग, आत एसी आणि पडद्यावर बर्फ. असं सुख त्यांना कधी मिळायचं? वेंगुर्ल्याचा दत्ताराम फिटर सगळ्यांत पुढे होता.

"साहेब, ह्यो आवाज कसलो?"

"बर्फाचो. गप रव, आयक."

खरोखरच त्या बर्फाला आवाज होता. जुनं लाकडी दार कुणीतरी फार सावकाश उघडावं तसा. नेरूरकर डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

मग यार्डात जे सुरू झालं ते मी विसरूच शकत नाही. मागच्या बाजूला बूम तपासायची सिमेंटची मोठी टाकी होती. नेरूरकरांनी तिच्यात पोत्यांनी मीठ ओतलं, लाकडाचे फ्लोट आणि खाली पडद्याऐवजी जाळीची नेट लावून बूमचं छोटं मॉडेल टाकलं आणि मासळी बाजाराला बर्फ पुरवणाऱ्या फॅक्टरीतून लाद्यांचा ट्रक मागवला. दत्ताराम हातोडीने लाद्या फोडायचा, नेरूरकर तुकडे पाण्यात सोडायचे, एका बाजूने दोन पेडेस्टल फॅन सोडलेले. तुकडे वाहत येऊन मॉडेलला धडकायचे आणि नेरूरकर टाकीच्या कडेवर उकिडवे बसून ओरडायचे, "लिहा, पेंडसेबाई, लिहा! चढला, चढला! नेट अजून खाली हवी!" मी लिहीपर्यंत बर्फ वितळून जायचा. की पुन्हा नवी लादी. सगळं यार्ड त्या टाकीभोवती जमायचं, कुणी पाय सोडायचं, कुणी टॉवेल बुडवून डोक्यावर ठेवायचं. फादी बाहेर येऊन हे बघायचा, आकाशाकडे हात करायचा आणि आत जायचा. टाकीतलं पाणी मात्र कोमटच राहायचं. एवढ्या उन्हात चार लाद्यांनी काय होणार?

फ्लोट फोमचे ठेवायचे नाहीत, हे त्यांनी ठरवलं. फोम बर्फाखाली चिरडला की चिरडला. त्याऐवजी जाड रबराचे, हवा भरलेले, लोडासारखे लांब फ्लोट घ्यायचे. दाबले की दबतील, बर्फ सरला की परत फुगतील. पहिला फ्लोट तयार झाला तेव्हा तो त्यांनी दोन लाद्यांमध्ये ठेवून फोर्कलिफ्टने दाबला. तो चपटा झाला आणि सोडल्याबरोबर टुणकन पूर्ववत. नेरूरकरांनी त्याला थोपटलं. लग्नात नवरदेवाला थोपटावं तसं.

गेन्नादी दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने सुकवलेल्या शिंपल्यांची पिशवी आणली. नेरूरकरांनी आम्हांला आणि त्याला आपल्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं आणि त्या रशियन शिंपल्यांचं ओलं खोबरं घालून झणझणीत सुकं केलं. पहिल्या घासाला गेन्नादीच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला कपाळावर घाम आला, पण त्याने ताट पुसून खाल्लं. जेवण झाल्यावर तो खिशातून फोटो काढून दाखवू लागला. तराफ्यावर उभी असलेली मुलगी आणि जावई. मागच्या मोठ्या बर्फानंतर गावातली तरणी माणसं शहराकडे चालली होती. हे दोघं एवढ्यासाठी थांबले होते, की बापाने शब्द दिलाय, या खेपेला शिंपले वाचतील. हे सांगताना त्याने नेरूरकरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नॉट वन पीस, गेन्नादी," नेरूरकर म्हणाले. "एक तुकडा आत येणार नाही. बघून घेतलंय मी." मराठीतलं त्याला कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

त्या शब्दाने नेरूरकरांना जणू झपाटलं. आता त्या कामातलं काहीच त्यांना दुसऱ्यावर सोडवेना. फ्लोट रिकामे पाठवायचे, घड्या घालून, आणि तिकडे गेल्यावर हवा भरायची, ही साधी रीत. जागा कमी लागते, कंटेनर कमी लागतात. नेरूरकर अडून बसले. गेन्नादीच्या गावात एकच कंप्रेसर, तोही आज चालू तर उद्या बंद. तिथली माणसं थंडीत हातमोजे घालून काम करणार, एखादा फ्लोट कमी भरतील, एखाद्याचा व्हॉल्व्ह नीट बसणार नाही. "आपण इथून तयार पाठवू. त्यांनी नुसतं अडकवायचं."

फादी भडकला. "यू आर शिपिंग एअर, नेरूर! एअर! रशियात हवा नाही का?"

पण शेवटी नेरूरकरच जिंकले. जुलै महिन्यात, भर उन्हात, त्यांनी एकेक फ्लोट स्वतः भरला. दत्ताराम नळी धरायचा आणि हे गेजवर डोळा लावून बसायचे. काटा जागेवर आला की व्हॉल्व्ह बंद, टोपण घट्ट आणि टोपणावर डिंक, म्हणजे कुणी उगाच हात लावायला नको. फ्लोटांना हात लावला तर चटका बसायचा. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, भुवयांवर मिठाचे कण, आणि चेहऱ्यावर असं समाधान की घरच्या लग्नाची पंगत वाढताहेत. कंटेनर भरून निघाले तेव्हा शेवटच्या कंटेनरच्या दाराला हात लावून ते काहीतरी पुटपुटले. मी विचारलं तर म्हणाले, "रवळनाथाला सांगितलं. यापुढे तूच बघ."

पुढच्या वसंतात कुरिअरने फोटो आले.

फादीने ते टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. खाडीच्या तोंडाशी आमची बूम होती, पण होती म्हणण्यापुरतीच. फ्लोट सुकलेल्या खारकांसारखे सुरकुतलेले, अर्धे पाण्याखाली. खालच्या नेटच्या आणि लोखंडी दोराच्या वजनाने सगळी रांग बुडाली होती. बर्फ तिच्यावरून बिनदिक्कत आत गेला होता. शेवटच्या फोटोत मोडलेली लाकडं आणि बर्फात अडकलेल्या टोपल्या होत्या. माणसं त्या फोटोत नव्हती. गेन्नादीने फॅक्स पाठवला होता, दोन ओळींचा: सगळं गेलं, तुमचे फ्लोट फुसके निघाले.

"हवा गळली," फादी म्हणाला.

"नाही गळली," नेरूरकर म्हणाले. "एकही व्हॉल्व्ह गळणार नाही. आणि गळली तर एखाद्यातून गळेल. सगळ्यांतून कशी?"

त्या दिवशी परतताना ते गाडीत बसले तेव्हा त्यांचा पाय ब्रेक दाबत नव्हता. माझी गाडी दिवसभर उन्हात तापलेली. मी एसी पूर्ण सोडला. थोड्या वेळाने काचेखाली पडलेली पाण्याची रिकामी, झाकण लावलेली बाटली 'टक' करून आत दबली. गाडीत रोज व्हायचं ते. आखातात राहणाऱ्या माणसाला त्या आवाजाचं काही वाटतच नाही.

नेरूरकरांनी बाटली उचलली. उलटसुलट करून पाहिली.

"पेंडसेबाई, ही रोज अशी होते?"

"रोज. गरम हवा गार झाली की आक्रसते ना..." मी बोलता बोलता थांबले.

 नेरूरकर शारजा येईपर्यंत बाटली दोन्ही हातांत धरून बसले होते. बर्फाचा दाब, वाऱ्याचा जोर, दोराची ताकद, नेटची खोली, सगळं सगळं या माणसाने पाहिलं होतं. हवा कुठली भरतोय, ते तेवढं पाहायचं राहिलं. जुलैची तापलेली हवा भरून, टोपणाला डिंक लावून, त्यांनी ती गोठणाऱ्या पाण्यात पाठवली होती. आणि तीही हौसेने, भांडून, दुसऱ्याला त्रास नको म्हणून. आळशी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याने फ्लोट घड्या घालून पाठवले असते आणि तिकडच्या माणसांनी तिकडची हवा भरली असती. मला याचा अजून राग येतो. कुणावर काढायचा, ते मात्र कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चेपलेली बाटली फादीच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. फादीने बाटली बोटाने बाजूला सारली. मग म्हणाला, "मॅन्युअलमध्ये लिहिलंय, वापरण्यापूर्वी प्रेशर तपासा. त्यांनी तपासलं नाही. फिनिश."

"टोपणांना मी डिंक लावला होता. ते काय तपासणार?"

"नेरूर, यल्ला, गो होम, टेक रेस्ट."

नेरूरकर घरी गेले नाहीत. त्यांनी फादीच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि रशियाला लावला. लाइन खराब होती, त्यामुळे ओरडून बोलावं लागलं, आणि म्हणून आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. "गेन्नादी! धिस इज नेरूरकर! माय मिस्टेक! नॉट युअर मेन! हॉट एअर, आय फिल्ड हॉट एअर! माय मिस्टेक!" फादीने बोट दाबून फोन कापला. यार्डातली माणसं खाली माना घालून आपापल्या कामाला लागली.

कंपनीने त्यांना लगेच काढलं नाही. काँट्रॅक्ट संपत आलं होतं, ते पुढे वाढवलं नाही, एवढंच. मधल्या महिन्यांत त्यांनी सुट्टी मागितली, स्वतःच्या खर्चाने तिकडे जाऊन फ्लोट परत भरून देतो म्हणाले. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता, तो मिळाला नाही. आणि आता भरून करायचं तरी काय होतं? कुंपण नीट झालं असतं, पण आत राखायला काही उरलंच नव्हतं.

ते फार बदलले, असंही नाही. वेळेवर यायचे, काम करायचे, सोलकढी थर्मासमध्ये आणायचे. पण "बघून घेतलंय" हे वाक्य गेलं. वेल्डर येऊन विचारायचा, "साहेब, पाहता का?" तर म्हणायचे, "तू पाहिलंस ना? मग झालं." आमच्याकडे चहाला आले तर सरळ सोफ्यावर बसायचे. माझी मुलगी एकदा मला हळूच म्हणाली, "आई, अंकल डिडंट चेक द गॅस." मी तिला गप्प केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. आपल्याला वैताग आणणाऱ्या माणसाचा वैताग संपला की एवढं वाईट वाटतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यांचा व्हिसा रद्द झाला, तिकीट हातात आलं. त्याच आठवड्यात दत्तारामने बातमी आणली, की गेन्नादी देऱ्यात आलाय, बाजारात त्याला पाहिलं. नेरूरकरांनी मला विचारलं, "पेंडसेबाई, मला तिथे सोडाल?"

एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासमोर पिकअप उभी होती आणि गेन्नादी फुटपाथवर टीव्हीची खोकी मोजून घेत होता. वाळला होता. गालांचा लाल रंग गेला होता. आम्हांला पाहून त्याने हात पुढे केला नाही, पण पाठही फिरवली नाही.

"सॉरी," नेरूरकर म्हणाले. त्यांनी काही तयारी करून आणली असेल तर ती सगळी या एका शब्दात संपली.

"आय नो. यू टेल मी, टेलिफोन," गेन्नादी म्हणाला. "अदर पीपल, ओन्ली लाय. यू टेल. गुड." मग म्हणाला, "बट माय शेल्स नॉट कम बॅक."

"डॉटर?"

"सिटी. हजबंड आल्सो."

"यू विल प्लांट अगेन?"

गेन्नादीने चार बोटं वर केली, मग स्वतःच्या पांढऱ्या झालेल्या मिशांकडे बोट दाखवलं. "खलास," म्हणाला. हा शब्द तो देऱ्याच्या बाजारात शिकला असणार. आता तो वर्षातून तीनचारदा यायचा, टीव्ही न्यायचा आणि गावाकडे विकायचा. एके काळी इथे टीव्ही घ्यायला आलो नाही म्हणून अभिमानाने सांगणारा माणूस.

 नेरूरकरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या दुमडल्या आणि पहिलं खोकं उचललं. दुकानातला पोऱ्या "अंकल, रहने दो" म्हणत धावला, तर त्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं. गेन्नादी बघत राहिला. मग त्यानेही दुसरं खोकं उचललं. त्या उकाड्यात ती दोन वयस्क माणसं दुकान ते पिकअप, पिकअप ते दुकान अशी खोकी वाहत होती. मी गाडीशी उभी होते. मदत करावी असं मनात आलं, पण ते काम माझं नव्हतं.

सगळी खोकी चढली. पठाण ड्रायव्हरने दोर आवळले, गेन्नादी पुढे बसला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तेवढ्यात नेरूरकर मागच्या चाकावर पाय देऊन वर चढू लागले.

"अहो, कुठे निघालात?" मी ओरडले. "उद्या सकाळची फ्लाइट आहे तुमची!"

"शारजा एअरपोर्टच्या कार्गोपर्यंत जातो. रस्ता खराब आहे," ते म्हणाले.

रस्ता खराब नव्हता. दुबईचे रस्ते कधी खराब असतात?  पिकअप सिग्नलला वळली आणि मला ते शेवटचे दिसले. रस्त्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात जितके पसरतील तितके पसरून त्यांनी ती खोकी धरून ठेवली होती.